दोष कोठें आहे?

पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांत शिरूर आणि दौंड हीं दोन तालुक्यांचीं गांवें आहेत. शिरूर घोडनदीच्या कांठीं, पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेलें. दौंड भीमेच्या कांठीं, रेल्वेच्या मोठ्या जंक्शनामुळें सर्वांच्या ओळखीचें. एकाचें भाग्य रस्त्यानें घडविलें, दुसऱ्याचें रुळांनीं. माल आणि माणसें इकडून तिकडे पोंचविणें हा दोन्ही गांवांचा जुना परिपाठ. अलीकडे त्यांच्या दारीं तिसरा मार्ग आला आहे. तो डोळ्यांना दिसत नाहीं. परंतु रांजणगांवच्या कारखान्यांतील हिशेबनीस, कुरकुंभच्या रासायनिक वसाहतींतील अभियंता, ग्रामपंचायतीचा सेवक आणि पुण्यामुंबईच्या कचेरीचें काम घरीं बसून करणारी पदवीधर मुलगी, अशा कितीतरी लोकांचें रोजचें काम आज त्याच मार्गानें चालतें.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि टीम्स, झूम, मीट, स्लॅक हीं नांवें मराठी घरांत थेट स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पोंचलीं. टाळेबंदी उठली, पण हीं साधनें राहिलीं आणि त्यांच्याबरोबर त्यांची एक व्याधीही राहिली. बैठक ऐन रंगांत आलेली असते, बोलणाऱ्याचा मुद्दा अर्धा झालेला असतो आणि पडद्यावर एक चक्र फिरूं लागतें. ‘जोडणी होत आहे’ एवढेच शब्द खालीं उमटतात. पलीकडच्या मंडळींना तोंड उघडें राहिलेलें एक स्तब्ध चित्र दिसतें. मग त्यांच्यांतील कोणीतरी सहज बोलून जातो, ‘गांवाकडे नेट नसतेंच.’ या एका वाक्यांत दोन निकाल लागलेले असतात. दोष कोठें आहे याचा एक आणि दोषी कोण याचा दुसरा. आणि दोन्ही निकाल चौकशीवांचून लागलेले असतात. चौकशी कशी करावी, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम आवाजाचा प्रवास पाहिला पाहिजे. शिरूरच्या घरांत उच्चारलेला शब्द संगणकाच्या मायक्रोफोनमध्यें शिरतो. तेथें त्याचें अंकांत रूपांतर होऊन त्याचे बारीक तुकडे पडतात. हे तुकडे वाय-फायच्या लहरींवरून घरांतल्या राउटरकडे जातात. राउटरकडून काचतंतूच्या केबलनें इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या स्थानिक केंद्राकडे. तेथून पुण्यामुंबईच्या मोठ्या केंद्रांकडे. आणि शेवटीं ज्या कंपनीचें सॉफ्टवेअर असेल तिच्या सर्व्हरकडे. तो सर्व्हर हे तुकडे इतर सभासदांकडे रवाना करतो आणि त्यांच्या बाजूस हाच प्रवास उलट्या क्रमानें होतो. म्हणजे ‘नेट गेलें’ या दोन शब्दांच्या पोटांत अनेक टप्पे दडलेले आहेत, आणि दोष त्यांपैकीं कोणत्याही एकांत असूं शकतो.

दौंडच्या रहिवाशाला ही गोष्ट रेल्वेच्या दृष्टांतानें चटकन् पटेल. पुण्याहून निघालेली गाडी दौंडला वेळेवर आली नाहीं, म्हणून कोणी सगळी लाइन पायीं तपासावयास निघत नाहीं. गाडीनें उरुळी सोडलें काय, यवत सोडलें काय, केडगांव सोडलें काय, एवढेंच विचारतात. केडगांव सोडलें आणि पाटस गांठलें नाहीं, तर खोळंबा त्या दोहोंच्या मध्यें आहे. उरलेल्या लाइनीकडे पाहण्याचें कारणच उरत नाहीं. तुटलेल्या जोडणीचा शोधही असाच करावयाचा असतो. मार्गाच्या मध्यावर उभें राहून विचारावयाचें: अलीकडे ठीक आहे काय, आणि पलीकडे ठीक आहे काय?

त्यासाठीं तीन प्रश्न पुरेसे होतात. पहिला प्रश्न: अडचण एकट्यालाच आहे, कीं इतरांनाही आहे? एकाच बैठकींतील सर्व गांवांचे लोक एकाच क्षणीं बाहेर फेकले गेले असतील, तर दोष कोणाच्या घरीं नसून सर्व्हरकडे आहे. दुसरा प्रश्न: अडचण याच सॉफ्टवेअरची आहे, कीं वर्तमानपत्राचें संकेतस्थळही उघडत नाहीं? दुसरें सर्व उघडत असेल, तर घरची तार शाबूत आहे. तिसरा प्रश्न: अडचण याच जोडणीवर आहे, कीं दुसऱ्या जोडणीवरही आहे? घरचें वाय-फाय बंद करून मोबाइलच्या डेटावर तीच बैठक उघडून पाहावी. तेथें ती सुरळीत चालली, तर संगणक, सॉफ्टवेअर आणि सर्व्हर तिन्ही निर्दोष ठरतात आणि संशय राउटर व त्याच्यापुढील केबल यांच्यावर येतो. या तीन प्रश्नांना पांच मिनिटेंही लागत नाहींत. परंतु ते विचारण्याआधींच बहुतेक लोक सॉफ्टवेअर काढून टाकून पुन्हां घालण्याच्या उद्योगास लागतात आणि तास घालवितात.

यंत्र बंद करून पुन्हां सुरू करण्याचा उपाय सर्वांना माहीत आहे आणि तो पुष्कळदां लागूही पडतो. राउटर पुन्हां सुरू झाला म्हणजे त्याच्या स्मृतींत सांठलेला गोंधळ पुसला जातो व कंपनीशीं त्याचा संबंध नव्यानें जुळतो. मात्र त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. म्हणून पडद्यावर आलेला संदेश, त्यांतील अंक आणि घड्याळांतील वेळ एका कागदावर टिपून घ्यावी आणि मगच बटणाला हात लावावा. दुसरा नियम असा कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि काम सुरू झालें, तरी कोणत्या उपायानें गुण आला हें कळत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं तीच पीडा आली कीं मनुष्य पुन्हां अंधारांत चांचपडूं लागतो.

पुष्कळांना एका गोष्टीचें नवल वाटतें. लिहिलेला संदेश बिनबोभाट जातो, पण त्याच क्षणीं बोललेला शब्द तुटतो. एकाच तारेंतून जाणाऱ्या दोन गोष्टींत हा पंक्तिप्रपंच कां? याचें कारण दोहोंच्या प्रकृतींत आहे. लेखी संदेश हें धान्याचें पोतें आहे. तें वाटेंत राहिलें, तर पुन्हां पाठवितां येतें. पोंच मिळेपर्यंत पाठविणारें यंत्र स्वस्थ बसत नाहीं. दोन सेकंद उशिरा आलें म्हणून धान्य बिघडत नाहीं. बोललेला शब्द हें दूध आहे. तें वेळेवर आलें तरच उपयोगाचें. आवाजाच्या एका सेकंदाचे साधारणतः पन्नास तुकडे करून पाठविले जातात, आणि जो तुकडा वेळ टळल्यावर येतो तो ऐकविण्यांत अर्थच उरत नसल्यामुळें यंत्र तो टाकून देतें. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी आहे कीं, संभाषण स्वाभाविक वाटावयाचें तर एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आंत राहावा. संदेश जातो पण आवाज तुटतो, याचा अर्थ एवढाच कीं मार्ग खुला आहे, परंतु त्यावर गर्दी किंवा गळती आहे.

गर्दी बहुधा घरांतलीच असते. मुलें दुसऱ्या खोलींत चित्रपट पाहत असतात, फोन स्वतः होऊन छायाचित्रें वर चढवीत असतो आणि राउटर दोन भिंतींपलीकडे कपाटांत ठेवलेला असतो. केवळ आवाजाला सेकंदास शंभर किलोबिट पुरे होतात. स्पष्ट चित्राला त्याच्या दहा-पंधरा पट लागतात. म्हणून आवाज तुटूं लागतांच आपलें चित्र बंद करावें, हा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय होय. दुसरा उपाय राउटरजवळ बसण्याचा किंवा संगणक तारेनें राउटरला जोडण्याचा. वाय-फायच्या लहरी दोन प्रमुख पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे दूर पोंचतो, पण त्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची आणि सुरू असलेल्या मायक्रोवेव्ह भट्टीचीही गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण भिंतीला लौकर हार जातो. राउटर ज्या खोलींत आहे तेथें दुसरा पट्टा निवडावा, दूरच्या खोलींत पहिला.

कधीं कधीं घरीं सर्व ठीक चालतें आणि कारखान्याच्या कचेरींत मात्र बैठकीचा आवाज येत नाहीं. तेथें संशय वेगळ्या जागीं घ्यावयाचा असतो. कचेरीच्या जाळ्याभोंवतीं रक्षणासाठीं फायरवॉल नांवाची भिंत असते आणि तिला ठराविक दरवाजे असतात. साधीं संकेतस्थळें ज्या दरवाजानें येतात त्याचा क्रमांक ४४३ आहे. तो बहुधा उघडा असतो. परंतु टीम्सचा आवाज आणि चित्र ३४७८ ते ३४८१ या क्रमांकांच्या दरवाजांनीं जाऊं इच्छितें. ते बंद असले, तर तें ४४३ च्याच दाटीनें वाट काढतें आणि बोलणें अडखळूं लागतें. येथें कर्मचाऱ्यानें राउटरशीं झुंजण्यांत हांशील नाहीं. कचेरीच्या तंत्र विभागाला हे चार क्रमांक सांगावे, म्हणजे झालें.

जोडणी शाबूत असून सॉफ्टवेअर उघडतच नाहीं, पांढरा पडदा किंवा फिरतें चक्र तेवढें दिसतें, हा दोषांचा दुसरा वर्ग. त्याचीं कारणें चार-पांचच आहेत. प्रत्येक सर्व्हरला अंकांचा पत्ता असतो आणि नांवावरून तो पत्ता सांगणारी डीएनएस नांवाची वही असते. ही वही मिळाली नाहीं, तर तार चांगली असूनही घर सांपडत नाहीं. दुसरें कारण तात्पुरत्या सांठवणीचें. सॉफ्टवेअर आपले कांहीं भाग वेळ वांचविण्यासाठीं संगणकांतच सांठवून ठेवतें. नवी आवृत्ति आली आणि जुने भाग तसेच राहिले, तर दोहोंचें जमत नाहीं. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून तींत तीच बैठक सुरू करून पाहिली म्हणजे याची परीक्षा होते. तेथें ती चालली, तर जुनी सांठवण पुसावी. मात्र पुसण्यापूर्वीं न पाठविलेला मजकूर दुसरीकडे उतरवून ठेवावा. तिसरें कारण प्रवेशाची मुदत संपण्याचें; खात्यांतून बाहेर पडून पुन्हां शिरल्यानें तें दूर होतें. चौथें कारण परवानगीचें. ब्राउझरला मायक्रोफोन वापरण्याची मुभाच दिलेली नसते.

पांचवें कारण सर्वांत चमत्कारिक आहे, तें घड्याळाचें. सर्व्हर आपली ओळख पटविण्यासाठीं एक प्रमाणपत्र दाखवितो आणि त्यावर आरंभाची व अखेरची तारीख असते. जुन्या संगणकांतील नाण्याएवढी बॅटरी संपली, तर त्याचें घड्याळ कित्येक वर्षें मागें जातें. मग समोरचें प्रमाणपत्र त्याला ‘अद्याप अंमलांत न आलेलें’ वाटतें आणि तो दार लावून घेतो. मनुष्य राउटर पाहतो, केबल पाहतो, कंपनीला बोल लावतो. पडद्याच्या कोपऱ्यांतील तारीख मात्र पाहत नाहीं. आणि ही चूक लहानांचीच असते असेंही नाहीं. ३ फेब्रुवारी २०२० रोजीं मायक्रोसॉफ्टला स्वतःच्या एका प्रमाणपत्राची मुदत वाढविण्याचा विसर पडला आणि जगभर टीम्सचे दरवाजे कांहीं तास बंद राहिले. त्या दिवशीं ज्यांनीं आपले संगणक पुन्हां पुन्हां बंद करून सुरू केले, त्यांचे श्रम व्यर्थच गेले.

असे दिवस नंतरही आले. ४ जानेवारी २०२१ रोजीं, नव्या वर्षाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशीं, जगभरची मंडळी एकदम परतलीं आणि त्या लोंढ्याखालीं स्लॅक कोलमडलें. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्रीं भारतांत नऊ वाजून गेल्यावर फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारें सहा तास नाहींसें झालें. देखभालीच्या कामांत दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेनें कंपनीच्या केंद्रांना जोडणारें जाळें तुटलें, आणि पाठोपाठ तिच्या पत्त्यांची वहीच जगाला दिसेनाशी झाली. २५ जानेवारी २०२३ रोजीं भारतांत दुपारचे साडेबारा वाजून गेले असतांना, म्हणजे ऐन कचेरीच्या वेळीं, मायक्रोसॉफ्टच्या जाळ्यांतील एका राउटरचा पत्ता बदलण्याची आज्ञा दिली गेली आणि तिच्यामुळें त्या विस्तीर्ण जाळ्यांतील राउटर एकदम आपापल्या मार्गांचा हिशेब नव्यानें मांडूं लागले. टीम्स आणि आउटलुक ठप्प झालें. त्या दुपारीं शिरूरचा मनुष्य आणि लंडनचा मनुष्य सारखेच निरुपाय होते. अशा वेळीं कंपनीचें सेवास्थितीचें पान किंवा बातम्या पाहाव्या, आणि दोष वर आहे असें ठरलें कीं संगणकाला हात न लावतां वाट पाहावी. वाट पाहणें हाही एक उपाय आहे. तो केव्हां करावयाचा हें कळणें एवढेंच अवघड.

याहून निराळा प्रकार म्हणजे मार्ग न तुटतां लांबणें. सप्टेंबर २०२५ मध्यें तांबड्या समुद्रांत जेद्दाजवळ समुद्राखालील केबली तुटल्या. माहिती दुसऱ्या मार्गांनीं वळविण्यांत आली. ती पोंचली, पण विलंबानें. कसारा घाट बंद पडला म्हणजे उत्तरेकडच्या गाड्या पुणें, दौंड, मनमाड अशा वळवितात. १८७८ मध्यें सुरू झालेला दौंड-मनमाड मार्ग त्या वेळीं कामीं येतो. गाडी मुक्कामाला जाते, पण वेळापत्रक कोसळतें. धान्य जाणाऱ्याला याचें दुःख नाहीं. दूध पाठविणाऱ्याला आहे. परदेशच्या कचेरीशीं बोलतांना अशा दिवसांत आवाज मागें पडला, तर तो ना वक्त्याचा दोष, ना त्याच्या गांवाचा.

तरीही गांवाचे स्वतःचे कांहीं दोष आहेत आणि ते झांकून चालणार नाहीं. वीज गेली कीं राउटर विझतो. त्यासाठीं राउटरला पुरेल एवढी लहान बॅटरी मिळते, आणि बैठकीवर पोट असलेल्या घरानें ती घ्यावी. रस्ता रुंद करतांना किंवा पाण्याचा नळ टाकतांना जेसीबीचा दांत केबलीवर पडतो आणि सबंध आळीचा आवाज बंद होतो. हा उपद्रव देशव्यापी असल्यामुळेंच केंद्र सरकारनें २२ मार्च २०२३ रोजीं ‘कॉल बिफोर यू डिग’ हें ॲप सुरू केलें. खणणाऱ्यानें खणण्यापूर्वीं केबलीच्या मालकास कळवावें, असा त्याचा हेतु. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना २०११ मध्यें मंजूर झाली आणि पुढें ती भारतनेट म्हणून ओळखली जाऊं लागली. परंतु तार दारांत येणें आणि ती अखंड चालणें या दोन गोष्टी आहेत. दुसरीसाठीं कुदळ धरणाऱ्याचीही साथ लागते. ज्याला खंड परवडत नाहीं त्यानें दोन जोडण्या ठेवाव्या, पण त्या खरोखर दोन असाव्या. एकाच मनोऱ्यावर अवलंबून असलेलीं दोन सिमकार्डें ही दोन नांवांची एकच वाट होय.

या सर्व खटाटोपाचें मोल कोणी विचारील, तर तें मिनिटांत मोजण्यासारखें नाहीं. २०१९ मध्यें सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’ सेवेंत आरोग्य केंद्रांतील कर्मचारी रुग्णाला पडद्याच्या द्वारें दूरच्या डॉक्टरासमोर बसवितात. तेथें तुटलेला शब्द औषधाच्या मात्रेचा असूं शकतो. नोकरीच्या मुलाखतींत स्तब्ध झालेलें चित्र पाहून उमेदवाराच्या बुद्धीविषयीं मत बनूं शकतें. आणि रोजच्या बैठकींत तर याहून सूक्ष्म अन्याय घडतो. ज्याची जोडणी तुटली तो गप्प दिसतो, आणि गप्प बसलेला मनुष्य संमत आहे असें धरून ठराव पुढें सरकतो. जो हजर होता पण ऐकूं येत नव्हता, त्याच्या नांवावर त्यानें न दिलेली संमति चढते.

म्हणून शेवटचें कर्तव्य तुटलेल्या बाजूचें नसून जोडलेल्या बाजूचें आहे. बैठक चालविणाऱ्यानें आरंभींच एक साधा दूरध्वनि क्रमांक ठरवून द्यावा, कीं ज्यावर आवाज गेलेल्यानें लगेच बोलावें. कोणी दिसेनासा झाला, तर निर्णय क्षणभर थांबवावा आणि त्याला लेखी संदेश पाठवावा. दूध नासलें तरी धान्य पोंचतें, हें वर आलेंच आहे. तो परत आला म्हणजे मधल्या वेळांत काय ठरलें तें त्याला दोन वाक्यांत सांगावें आणि त्याचें मत विचारावें. इकडे तुटलेल्या बाजूनें वेळ, संदेश आणि तीन प्रश्नांचीं उत्तरें टिपून तीं तंत्र विभागाकडे द्यावीं; ‘नेट गेलें होतें’ या तक्रारीला उत्तर नसतें, पण ‘अकरा वाजून दहा मिनिटांनीं फक्त आवाज गेला, संदेश जात होते, मोबाइलवर सर्व ठीक होतें’ या तक्रारीला उत्तर असतें. पुढच्या वेळीं चक्र फिरूं लागेल तेव्हां त्या गांवाचें नांव घेण्यापूर्वीं कोणीतरी एवढें विचारावें कीं, हें एकट्याचें आहे कीं सर्वांचें?